डाव्या पायाचा बूट

ठमीच्या पुढच्या डाव्या खुराचा बूट पाचव्यांदा फिरला, तेव्हा मी तबेल्यात खाली बसकण मारली आणि त्या घोडीलाच विचारलं, "बाई गं, आता तूच सांग, चुकतंय काय?" तिने माझ्या खांद्यावर गवताचा चोथा सांडला. त्या आठवड्यात मला मिळालेल्या सल्ल्यांमध्ये हा काही अगदीच वाईट नव्हता.

आमचा धंदा पाहुण्यांना घोड्यावरून रानवाटेने फिरवून आणायचा. वाट सगळी दगडगोट्यांची. सासऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी घोड्यांचे नाल काढून टाकले आणि खुरांना घालायचे रबरी बूट आणले. निघताना चढवायचे, परत आलं की उतरवायचे. माझ्या माहेरी चपलांचं दुकान, म्हणून हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. "आमच्या सूनबाईसारखा बूट कुणी बसवत नाही," असं सासरे एकदा चारचौघांत म्हणाले होते. खोटं कशाला बोलू, त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं फुगून होते.

आणि आता हे. बुटाचं टोक बाहेरच्या बाजूला वळायचं, पट्टा टाचेच्या मऊ भागावर घासायचा, कातडं सोलून निघायचं.

"घोडी पाऊल तिरकं टाकते," सासऱ्यांनी जाहीर केलं. "रविवारी गिऱ्हाईक येतंय. देऊन टाकू."

चौतिसाव्या वर्षी मी बसायला शिकले ती ठमीच्या पाठीवर. घाबरट पाहुण्यांना आम्ही आजही तिच्यावरच बसवतो.

"बाबा, बुटातच खोट असेल," मी म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले. "रविवारपर्यंत बसवून दाखव, राहील घोडी."

मी कामाला लागले. खूर तासून घेतला आणि पाय जमिनीवर टेकलेला असताना, त्यावर भार असताना मोजला. उचललेल्या खुराचं माप कमी भरतं, ही चूक मी पहिल्याच महिन्यात करून बसले होते. माप बरोबर होतं. आत पातळ गादी घातली, मग काढली. पट्टा एक घर आवळला, मग एक घर सैल सोडला. दोन्ही हातांनी बूट पिळून पाहिला, तसूभर हलला नाही. नालबंद म्हणाला, "हे चोचले सोडा आणि नाल ठोका." त्याचं दुखणं वेगळं, तो हल्ली आमच्याकडे फक्त खूर तासायला येतो. नवरा म्हणाला, "तू फार विचार करतेस." हे त्याचं सगळ्या रोगांवरचं औषध.

बुधवारी मी स्वतः ठमीला पूर्ण वाट फिरवून आणलं. बूट जिथल्या तिथे! गुरुवारी सासरे घेऊन गेले, तर आडवा. शुक्रवारी सकाळी नवरा घेऊन गेला, तर सरळ. तीच घोडी, तोच बूट, तीच वाट. घोडं पेंड खातंय कुठे, काही कळेना. आधी वाटलं, बाबा वेगात नेत असतील. मग वाटलं, त्यांना ठमीला विकायचंच आहे, म्हणून मुद्दाम पट्टा सैल करत असतील. असा संशय घेतल्याची मला लाज वाटली, आणि तरी शुक्रवारी दुपारी ते निघण्याआधी मी पट्ट्यावर खडूची खूण केलीच. परत आले तेव्हा बूट आडवा होता आणि खूण अगदी जागच्या जागी. म्हणजे संशयही गेला. उरला नुसता गोंधळ आणि शरम.

शनिवारी सकाळी दाराशी झाडताना सासऱ्यांचे घोड्यावर बसायचे बूट कलंडले. जोड याच हंगामातला. डाव्याच्या तळाला, पाय अडकवायच्या रिकिबीची खोल आडवी खाच पडली होती. उजव्याचा तळ दुकानातून आणल्यासारखा कोरा. माझे वडील गिऱ्हाइकाचा जुना जोडा आधी उलटा करून बघायचे, माणूस कसा चालतो ते तिथे दिसतं म्हणायचे. मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले. मनात जे आलं ते खरं निघू नये असं फार वाटलं.

"बाबा, आज भोपळ्याला नेता का? ठमीची टाच सोललीय."

भोपळ्या आमचा सगळ्यात गोल आणि सगळ्यात सरळ घोडा. दोन वर्षांत त्याचा बूट कधी बोटभर हलला नव्हता. मी चारही बूट स्वतः चढवले आणि वाट बघत बसले. तासाभराने ते परतले. पुढचा डावा बूट आडवा.

सासऱ्यांनी वरूनच खाली पाहिलं. 'आता यालाही विकायचं का?' हे अगदी जिभेवर आलं होतं, मी गिळलं.

"हाही वाकडा झाला?" आवाजात चेष्टा आणायचा त्यांचा प्रयत्न होता.

"बाबा, तुम्ही डावीकडे कलताय. सगळा भार डाव्या रिकिबीत जातोय."

"मी? पन्नास वर्षं बसतोय घोड्यावर!"

"म्हणूनच अजून पडला नाहीत."

ते उतरले, नेहमीपेक्षा सावकाश, आणि चढायच्या दगडावर बसले. बराच वेळ लगामाचं टोक बोटांत फिरवत राहिले.

"दोन महिने झाले," ते म्हणाले. "उजवा पाय रिकिबीत आहे की नाही, खाली बघितल्याशिवाय कळत नाही. वाटलं, नवे बूट आवळत असतील."

"आणि ठमी?"

"खरंच वाटलं गं मला, घोडीच वाकडी चालते."

मला राग आला, आणि त्याच वेळी रडूही आलं. आधी कशाला वाट द्यावी तेच समजेना. त्यांनी उजवा पाय माझ्यापुढे केला.

"बघ बरं, माप लहान असेल. दुसरं काय असणार?"

मी बूट काढला, मोजा उतरवला आणि त्यांच्या पायाचं बोट चिमटीत धरलं. ते तबेल्याकडे, ठमीकडे बघत होते.

"दाब ना," ते म्हणाले. "घाबरतेस काय?"

मी मघापासून दाबतच होते.