उतरवून ठेवलेलं दुखणं

डाव्या खुब्याचा सांधा पार झिजलाय आणि तो बदलल्याशिवाय सुटका नाही, हे सर्जननी सांगितलं तेव्हा मला रडू आलं नाही. रडू आलं ते ऑपरेशनचा नंबर लागायला वर्ष तरी जाईल हे ऐकून. वर्षभर हे दुखणं घेऊन मी शिलाई मशीनवर बसणार कशी? गोळ्या घेतल्या की हात थरथरत, नाही घेतल्या की डोळ्यांपुढे काजवे चमकत. खुर्चीवरून उठताना माझ्या तोंडून अशी किंकाळी निघे की समोरच्या दुकानातला न्हावी हातातला वस्तरा थांबवून बघत राही. "दुकान बंद कर, घरी आराम कर," असं ह्यांनी सुचवलं. त्या दिवशी त्यांना स्वतःच्या हाताने जेवण रांधावं लागलं.

हॉस्पिटलकडून व्यायाम शिकवायला एक पोरगेली बाई यायची, ती एकदा म्हणाली, "काकू, डोळे मिटा आणि दुखणं अंगावेगळं करून बाजूला ठेवून बघा." सांगायला हिचं काय जातंय, असं मी मनात म्हटलं. पण ती गेल्यावर वाटलं, फिटिंग बिघडलेला कोट आपण तरी काय करतो? गिऱ्हाइकाच्या अंगावरून हलकेच उतरवतो, पुतळ्यावर चढवतो आणि मग निवांत बघतो. मी डोळे मिटले, कमरेपासून मांडीपर्यंत घट्ट बसलेलं ते दुखणं काठाकाठाने उसवलं आणि खिडकीजवळच्या कापडी पुतळ्याला घालून टाचण्या लावल्या. डोळे उघडून उभी राहिले, तर सहज उभी राहिले! जिना उतरले, पुन्हा चढले आणि मग पोटभर रडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी ह्यांना सांगूनही टाकलं.

मग काय विचारता! माझं मशीन दिवसभर धडधडू लागलं. गोळ्यांचं पाकीट मी न्हाव्याच्या देखत कचऱ्यात टाकलं. पुतळा तेवढा डावीकडे कलू लागला होता. त्याच्या पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी सरकवली.

तिरप्या कापाचा स्कर्ट शिवला की त्याची खालची कड लगेच दुमडायची नसते. तो रात्रभर पुतळ्यावर राहू द्यायचा, म्हणजे कापड आपल्या वजनाने उतरतं आणि मग कड सारखी करता येते. घाईत बाकीचे शिंपी हे टाळतात, मी कधी टाळलं नाही. गंमत अशी की स्कर्ट रात्रभर राहून गेला, की सकाळी पुतळा जरा सरळ झालेला दिसे. आणि बरेच दिवस स्कर्टचं काम आलं नाही, की माझ्या खुब्यात बारीक कळ उठे.

बँकेत काम करणारी एक गिऱ्हाईक आभार मानायला आली, ती काउंटरला धरूनच उभी राहिली. "स्कर्टचं फिटिंग सुरेख झालंय हो, पण हल्ली पाय धरलाय. वय झालं, दुसरं काय!"

"डावा ना?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"चालण्यावरून," मी म्हटलं आणि तिच्या पुढच्या स्कर्टचं माप घेतलं.

ती गेल्यावर पुतळ्याच्या टाचण्या मात्र मी काढायला घेतल्या. पहिलीच टाचणी निघाली आणि माझा पाय असा भाजून निघाला की मी फरशीवर कोसळले. सरपटत जाऊन ती पुन्हा टोचली. त्यानंतर मी त्या टाचण्यांना हात लावला नाही.

अखेर हॉस्पिटलचं बोलावणं आलं. सर्जनच्या खोलीबाहेर बाकांवर बायका बसल्या होत्या, सगळ्या उजवीकडे भार देऊन. कुणी ओठ चावत होतं, कुणी नवऱ्याचा हात आवळून धरला होता. सगळ्यांच्या अंगात माझे स्कर्ट होते. काय घेर पडले होते! एकाचीही कड बोटभर खालीवर नव्हती. माझा ऊर अगदी भरून आला.

सर्जन नवा एक्स-रे बराच वेळ निरखत राहिले. "सांधा पहिल्यापेक्षा वाईट आहे. तुम्ही चालत कशा आलात?"

"जिन्याने."

"उद्या ऑपरेशन करू. दुखणं मुळापासून जाईल."

माझं मुळापासून गेलं तर बाहेरच्यांचंही गेलं असतं कदाचित. हा विचार मनात आला नाही असं नाही. पण जे मी नुसत्या हातांनी उतरवलं होतं, त्यासाठी आता सुरीखाली झोपायचं? मी जिंकले होते. मी म्हटलं, "माझा नंबर बाहेरच्या कुणाला तरी देऊन टाका," आणि उठले.

एक तरुण नर्स मला दारापर्यंत सोडायला आली. मोठी चपळ मुलगी, बोलता बोलता माझ्यापुढे निघून जात होती. "नशीबवान आहात हं, काकू," ती म्हणाली. मी ताठ मानेने पहिली पायरी उतरले आणि माझ्या खुब्यात बारीकशी कळ आली.

मी वळून तिच्याकडे नीट पाहिलं.

"हा युनिफॉर्मचा स्कर्ट कुणी शिवला गं तुझा? एका बाजूला उतरलाय. उद्या दुकानात घेऊन ये. एक रात्र माझ्याकडे राहू दे."