दोन ब्रेकांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पण रडगाणं ऐकायला बसला असाल, तर आत्ताच उठा! मला ब्रेक दोन आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्या मॅडमच्या पायाशी. होय, मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी!

कारखान्यातून आले तेव्हा मीही चकचकीत होते, पण मिरवायला वेळ कुठे होता? मॅडमनी मला थेट कामाला जुंपलं. शिकणाऱ्यांनी माझे गिअर खरवडले, मला खांबांवर नेऊन आदळलं. मी हूं की चूं केलं नाही. पास झालेले लोक मॅडमचे आभार मानत. माझ्या बॉनेटवर एक थाप मारावी, असं मात्र क्वचितच कुणाला सुचे.

पुढे मॅडम थकल्या, स्कूल बंद झालं आणि मी कुंपणाशी धूळ खात उभी राहिले. मग परदेशी राहणारी लेक त्यांना कायमचं न्यायला आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, ही दे भंगारात. तिकडे काय गाड्यांचा दुष्काळ आहे?"

"ही आली तर मी येईन. नाहीतर तू जा एकटी," मॅडम म्हणाल्या.

भंगार म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटी मायलेकी मला घेऊन समुद्राच्या कडेकडेने बंदराकडे निघाल्या. लेक चालवत होती. मॅडम शेजारी, पाय सवयीने ब्रेकवर. वळण आलं की दाबलाच!

"आई, लायसन्स मिळून जमाना झाला मला! पाय काढ ना!"

"काढलाय गं," म्हणत त्या पुन्हा दाबत.

वाटेत दोघी लाटांत मनसोक्त भिजल्या आणि वाळूने माखलेल्या पायांनी तशाच येऊन बसल्या.

बंदरावरचा नियम साधा होता. गाडीने आपल्या चाकांवर जहाजात चढायचं, नाही जमलं तर परत. मायलेकी फाटकाच्या जाळीपलीकडे थांबल्या, तिथला ड्रायव्हर मला घेऊन जहाजाच्या चढणीवर आला आणि मी मध्येच अडले. चाकं फिरेनात, जळका वास सुटला.

"म्हातारीचा दम संपला! मागे घ्या!" तो ओरडला.

जाळीपलीकडे मॅडमचा चेहरा पडला. "माझीही बॅग परत घे," त्या लेकीला म्हणाल्या.

दम? माझा? अहो, मॅडमच्या ब्रेकच्या सांध्यात वाळू गच्च बसली होती. फाटकाशी थांबताना त्यांनी दाबलेला ब्रेक पुरता वर आलाच नव्हता! पण मला तोंड कुठे आहे? मी फक्त इंजिन बंद पडू दिलं नाही. घरघरत राहिले.

"थांबा! हिला दुसरा ब्रेक आहे!" लेक परवानगी काढून धावत आली. ज्या ब्रेकला वाटभर नावं ठेवली, त्याच्याचपुढे गुडघे टेकून तिने बोटांनी वाळू उकरली आणि तो वर ओढला. मग काय विचारता! मी एका दमात जहाजात.

आता मी परक्या रस्त्यांवर धावते. लेक चालवते, मॅडम शेजारी, पाय ब्रेकवर. उतरताना लेक वाकून तिथली माती तेवढी झटकते.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची कीव करू नका. त्यांना कामाला लावा. आणि एखादी अडलीच, तर आधी गुडघे टेकून बघा काय अडकलंय ते. मग काढा भंगाराचं नाव!