चारही पाय जमिनीवर

घरात तिला सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता. ती हळू बोलायला लागली की आई तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघायची. गेल्या आठवड्यात याच आवाजाने शाळेचं सभागृह दणाणलं होतं. "पुतळ्यातल्या घोड्याचे दोन पाय वर असले, तर स्वार रणात पडला! एक पाय वर, तर जखमांनी गेला! चारही खाली, तर अंथरुणात, म्हातारपणी!" टाळ्याच टाळ्या! ऐकीव गोष्ट होती, पण शिल्पकाराची पोर सांगतेय म्हटल्यावर शंका घेणार कोण? पहिल्या रांगेतले पुतळा समितीचे अध्यक्ष तर मान डोलावून डोलावून थकले.

आणि आज तेच अध्यक्ष आईच्या कामाच्या शेडमध्ये, मातीच्या घोड्यासमोर, चेहरा एवढासा करून उभे होते.

आईने पहिल्यांदाच एवढं मोठं काम अंगावर घेतलं होतं. अख्खं वर्ष तिच्या नखांतली माती गेली नव्हती. घोड्यावर होत्या डॉक्टरीणबाई. साथीच्या दिवसांत वस्त्या न् वस्त्या पालथ्या घालणाऱ्या, आणि शेवटी त्याच तापाने गेलेल्या. खोगिरातून वाकून त्यांनी खाली बसलेल्या म्हाताऱ्याचं मनगट धरलं होतं. घोडा एकदम स्तब्ध, कान तेवढे मागे वळलेले.

"ताई, काम झकास आहे," अध्यक्ष म्हणाले, "पण चारही पाय जमिनीवर? बाई काय अंथरुणात लोळत गेल्या? लढल्या त्या साथीशी! निदान एक पाय तरी वर घ्या."

"एक कशाला, दोन घ्या," बरोबर आलेल्या सचिवकाकू म्हणाल्या. "ताप म्हणजे लढाईच मानायची, तर पुरती माना की."

"असा काही नियमच नाही हो," आई म्हणाली. "कुणीतरी सोडलेली पुडी आहे ती."

"वा! तुमच्याच लेकीने भर सभेत सांगितलंय!"

आईने वळून बघितलं. नुसतं बघितलं. भोंग्याला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं, आणि वरून मातीही लोटावी. पाय उचलायचा म्हणजे आतला लोखंडी सांगाडा कापायचा. म्हणजे घोडा मोडायचाच.

"काका, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी आईला विचारलंच नव्हतं. खोटं आहे ते."

"खोटं असेना का! आता सगळ्या गावाला पाठ झालंय. लोक येणार, पाय मोजणार आणि आम्हाला नावं ठेवणार. उद्या बैठक आहे, ताई. पाय उचलणार नसाल, तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

आई ओल्या फडक्याने हात पुसत राहिली, पुसलेलेच हात परत परत. ते काही भोंग्याला बघवेना. तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे दोन लाकडी तिवयांवर एक लांब फळी होती आणि फळीवर खरं खोगीर. आईला वाकलेली पाठ नीट दिसावी म्हणून भोंगा स्वतः तिथे तासन् तास वाकून बसली होती.

"काका, बसा त्याच्यावर."

"मी?"

"घाबरलात?"

आता एवढ्यावर कोण मागे हटेल? अध्यक्ष अंगाने काटकुळे. धोतराचा काचा सांभाळावा तशी पँट सांभाळत चढले. काकूंना तिने खाली स्टुलावर बसवलं. "हं, आता काकूंची नाडी बघा."

अध्यक्ष वाकले, चाचपडले. "लागली! घोड्यासारखी दौडतेय."

"आता तुमच्या घोड्याचे पाय वर हं!" म्हणत भोंग्याने फळीच्या टोकाला खांदा लावला आणि उचललं.

"अगं ए! ठेव खाली! ठेव!" अध्यक्षांनी दोन्ही हातांनी फळीला मिठी मारली.

"अहो, माझी नाडी?" काकू खो खो हसत सुटल्या.

"खड्ड्यात गेली तुमची नाडी!"

भोंग्याने फळी अलगद खाली टेकवली. "बघितलंत? पाय वर गेले की हात सुटतो. डॉक्टरीणबाईंनी कधी कुणाचा हात सोडला होता का, काका?"

अध्यक्ष फळीवर तसेच पालथे होते. तिथून त्यांना मातीच्या घोड्याचं डोकं अगदी समोर दिसत होतं. ते बराच वेळ बघत राहिले.

"त्याला कळलंय," शेवटी ते हळूच म्हणाले. "बाई नाडी बघतायत, हलायचं नाही, हे त्याला कळलंय."

"वर्षभर तेच तर मातीत उतरवतेय मी," आई म्हणाली.

"राहू द्या मग. चारही पाय राहू द्या." ते धडपडत खाली उतरले. "पण उद्या बैठकीत हे समजावणार कोण? मला नाही जमायचं."

"माझी लेक समजावेल," आई म्हणाली. तिची मान अशी ताठ झाली होती की भोंग्याने ती तशी कधी बघितलीच नव्हती. "आणि हे खोगीरही घेऊन येईल. ज्याला शंका असेल, त्याने बसावं!"