दुसरा नारळ

हरिश्चंद्रांनी पहारीवर नारळ सोलला, शेंडी तेवढी जपली आणि तो पिशवीत टाकला. मग दुसरा उचलला.

"बाबा, नवस फेडायला चाललात?" मृणालीने पडवीतून विचारलं.

"तर काय."

"अहो, विहीर कोरडी निघाली. सांगितलं ना काल?"

"ऐकलंय मी. बहिरा नाय झालो अजून. चप्पल घाल, चल."

मृणाली तेल कंपनीत भूशास्त्रज्ञ. समुद्राखालच्या खडकांचे आलेख वाचून कुठे खोदायचं ते सांगायचं, हे तिचं काम. आठ वर्षं इतरांच्या हाताखाली काढल्यावर ही पहिली जागा तिने स्वतः सुचवली होती. शेवटचा महिना तर ती भर समुद्रात, खोदकामाच्या रिगवरच होती. साडेतीन हजार मीटर खाली जाऊन हाती लागलं खारं पाणी; तेल नसलं की त्यांच्या भाषेत विहीर कोरडीच. इकडे गावात, आंजर्ल्यात मात्र हरिश्चंद्रांच्या लेकीने तेल काढलं अशी बोंब आधीच झाली होती. ती मारणारे खुद्द हरिश्चंद्रच. आता राजीनामा तिच्या फोनमध्ये लिहून तयार होता. पाठवायचा तेवढा राहिला होता.

"साहेब ओरडला काय गो?" वाटेत त्यांनी विचारलं.

"नाही ना! म्हणतात, सोमवारी पुढच्या जागेच्या बैठकीला ये. जुन्या विहिरी आटत चालल्यात, नवं शोधल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि ही कोरडी का निघाली, त्यावरूनच पुढची जागा ठरेल."

"मग?"

"मग काय! दहातल्या दोन-तीनच लागतात, हे मला पाठ आहे. पण ही माझी होती, बाबा."

हरिश्चंद्रांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तीस वर्षं बोटीवर काढलेल्या या माणसाला समजूत घालणं कधी जमलंच नव्हतं.

देवळात चार-पाच म्हातारी मंडळी बसली होती. मृणाली खांबाआड उभी राहिली. तिला लाज वाटत होती. दादू गुरवाने पहिला नारळ देवापुढे धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा! दर्यात खोदकामाला गेलेली सगळी माणसं हातीपायी धड घरी येऊ देत, असं हरिश्चंद्र बोलला होता. ते तू पुरं केलंस. हा मान गोड करून घे रे महाराजा!"

"होय महाराजा!" मंडळी म्हणाली.

मृणालीने वडिलांकडे पाहिलं.

"आणि तेल?"

"तेल खाली असलं तर असेल, नसलं तर नसेल. त्यात देव काय करणार?" हरिश्चंद्र म्हणाले. "तू दर्यात असताना वादळ झालं तेव्हा तुझी आई दोन दिवस जेवली नव्हती."

त्या वादळात रिगवर एकशेवीस माणसं होती. सगळी घरी पोचली होती. विहिरीचं दुःख करताना हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

दादूने दुसरा नारळ उचलला.

"हा कसला रे?"

"पुढल्या विहिरीचा. बघ हिला विचारून."

दादूने विचारलं नाही. सरळ गाऱ्हाणंच घातलं. "बा देवा महाराजा! ही पोर पुन्हा दर्यात जाईल. तिच्यासकट सगळ्यांना सुखरूप आण रे महाराजा!"

या वेळी मंडळी गप्प राहिली. सगळे खांबाकडे बघत होते. हरिश्चंद्र तेवढे देवाकडे बघत होते.

मृणालीने हातातला फोन पर्समध्ये टाकला आणि हात जोडले.

"होय महाराजा," ती म्हणाली.