तुटलेल्या सळयांच्या जोड्या

धाकट्याने पहिल्या जोडीवरचा दोरा सोडला, सळईचे दोन तुकडे वेगळे केले आणि एकाचं तुटलेलं तोंड भिंगाखाली धरलं. मग दुसरी जोडी सोडली. मग तिसरी. मी त्याचा डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी होते. काविळीतून उठून तो पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता, वाटेत झोक जायला नको म्हणून मी सोबत आले होते.

हे कोणी केलं, असं त्याने विचारलं नाही. दोऱ्याची ती गाठ आमच्या घरातली होती. बाबा घरातल्या प्रत्येक पुडीला तशीच गाठ मारत.

“ताई, दार लाव,” तो म्हणाला आणि स्टुलावर बसला.

माझा हा भाऊ तेव्हा मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदव्युत्तर पदवी करत होता. त्या पदवीला दोन वाटा होत्या. जास्तीचे विषय घेऊन, परीक्षा देऊन मोकळं व्हायचं, ही एक. नाहीतर एकच प्रश्न धरून बसायचं आणि प्रबंध लिहायचा. बहुतेक मुलं पहिल्या वाटेने जात. धाकट्याने दुसरी धरली, कारण एका संशोधन संस्थेने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती आणि त्यांना प्रबंधच हवा होता. घरात आम्ही त्याला ‘शास्त्रज्ञ’ म्हणून चिडवायचो. तो चिडायचा नाही, उलट खूश व्हायचा.

त्याचा प्रश्न असा होता: यंत्राचा फिरता आस वर्षानुवर्षं भार सोसतो आणि एके दिवशी अचानक तुटतो, तर त्याच्या पोटात चीर कधी पडते आणि कशी वाढते? त्यासाठी एक मशीन पोलादाची सळई वाकवून फिरवत राही, ती तुटेपर्यंत. मशीन आपोआप थांबे. सळया बाबांनीच घडवून दिल्या होत्या. बाबा टर्नर, सारा जन्म लेथवर गेलेला. नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात त्यांचा पाय ठरत नव्हता.

धाकटा आजारी पडला तेव्हा ते आपणहून म्हणाले, “मी बघतो तुझं मशीन. तू पडून राहा. थांबलं की तुकडे काढायचे, नवी सळई लावायची, एवढंच ना? त्यात काय डोंबल आहे?”

“एवढंच, बाबा,” धाकटा म्हणाला.

तुटलेली तोंडं एकमेकांना लावू नका, हे सांगायचं त्याच्या तापलेल्या डोक्यात आलं नाही. त्या कामातल्या लोकांना ते पहिल्याच दिवशी इतकं पक्कं शिकवतात, की कोणाला वेगळं सांगावं लागेल असं त्यांना वाटतच नाही.

बाबा रोज डबा घेऊन कामावर गेल्यासारखे जात. एकदा परत आले ते मोठ्या समाधानात. धाकटा आत झोपला होता. हातपाय धुता धुता मला म्हणाले, “अगं, नुसता उकिरडा होता तिथे. एक तुकडा या डबीत, दुसरा त्या डबीत, वर कापूस. शिकलेल्या माणसांना वस्तू जागच्या जागी ठेवायची सवयच नसते. मी सगळे हुडकून काढले, जुनेसुद्धा. रॉकेलच्या फडक्याने पुसले, तेलाचा हात दिला, ज्याचा त्याला लावून बांधून टाकले. घट्ट दाबल्यावर सांधासुद्धा दिसत नाही बघ.”

आता त्याच जोड्या धाकट्यासमोर ओळीने मांडलेल्या होत्या. एका खोक्यात, एका उंचीच्या, दोऱ्याची गाठ सगळ्यांची एकाच बाजूला.

“यात बिघडलं काय?” मी विचारलं.

त्याने एक तुकडा माझ्या हातात दिला. “ओहोटीनंतर वाळूवर रेषा राहतात ना, तशा रेषा असतात या तोंडावर. चीर कुठे सुरू झाली, कुठे थांबली, पुन्हा कधी चालली, सगळं त्यात लिहिलेलं असतं. दोन तोंडं एकमेकांवर घासली की ते पुसतं. पुढच्या महिन्यात मोठ्या सूक्ष्मदर्शकावर माझी पाळी होती. त्याआधी फोटोसुद्धा काढलेले नाहीत.”

तुकड्याचं तोंड आरशासारखं चकचकत होतं. मला ते सुंदर दिसलं.

तेवढ्यात त्याचे मार्गदर्शक सर आले. बुटके, दम्याचे, बोलताना मध्येच थांबणारे. त्यांनी दोन-तीन तुकडे पाहिले, खोकं बंद केलं आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

“सगळे?”

“सगळे, सर.”

“मी उन्हाळ्यात निवृत्त होतोय. मशीनही जाणार आहे, दुसऱ्या विभागाला दिलंय.” त्यांनी दम घेतला. “तू विषय घे आणि परीक्षा देऊन टाक. पदवी तीच मिळते. कोणत्या वाटेने मिळवली ते वर कोणी लिहीत नाही.”

“आणि संस्थेतली जागा?”

सर खोकत राहिले. जाताना दारात थांबून म्हणाले, “वडिलांना काय सांगशील?”

“काही नाही,” धाकटा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “तूसुद्धा नाही, ताई.”

प्रबंधाची पहिली दोन प्रकरणं मी टंकून ठेवली होती. ती कुठे गेली, मी कधी विचारलं नाही. धाकटा ज्युनिअर मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. घरी त्याने सांगितलं, की विद्यापीठाने नियम बदललाय, आता प्रबंध घेत नाहीत.

बाबा भडकले. “असा कसा बदलतात? पोरं मरमर मरतात आणि हे खुर्चीत बसून नियम बदलतात. माझ्या एवढ्या सळया फुकट गेल्या की.”

“जाऊ द्या हो, बाबा.”

“का जाऊ द्या? तुझ्या अंगात पाणी नाही, म्हणून तुला कोणीही टपली मारतं.”

हे एकदाच झालं असतं तर ठीक होतं. पण पुढे कित्येक वर्षं, कोणी शिक्षणाचा विषय काढला की बाबा विद्यापीठाचा उद्धार करत आणि शेवटी गाडी धाकट्याच्या भित्रेपणावर येई. तो समोर बसून जेवत असे. एकदा वहिनी, म्हणजे त्याची बायको, चिडून म्हणाली, “तुम्ही ऐकून कसं घेता?” तो म्हणाला, “भाजी वाढ.”

संस्थेतल्या जागेवर दुसरा कोणी गेला. धाकटा पंपांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात लागला आणि तिथेच राहिला. गिऱ्हाइकांकडून परत आलेले मोडके आस तपासायचे, का मोडले ते दोन ओळींत कळवायचं. निवृत्तीला थोडा अवधी असताना, एका दुपारी कामावरच त्याचं हृदय थांबलं. बाबा तेव्हा खूप थकले होते, पण कान शाबूत होते.

भेटायला माणसं येत होती. त्याच्या हाताखालचा एक इंजिनीअर आला, भला माणूस. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून बाबांजवळ सरकून बसला.

“साहेबांनी आम्हाला हाताला धरून शिकवलं, आजोबा. नवा मुलगा आला की पहिलं वाक्य ठरलेलं. तुटलेले तुकडे जुळवून बघायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी. त्यांचा सबंध प्रबंध त्यात गेला होता म्हणे. ते आजारी असताना कोणीतरी सगळे तुकडे पुसून जोड्या लावून ठेवल्या.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

बाबांनी विचारलं, “कोणी, ते सांगितलं का त्याने?”

“नाही. आम्ही एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, फार नीटनेटका माणूस होता, मनापासून केलं बिचाऱ्याने.”

बाबांनी मान हलवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “यांना चहा दे.”

मी आत गेले. चहा घेऊन आले तेव्हा तो इंजिनीअर वहिनीशी पेन्शनच्या कागदांबद्दल बोलत होता. बाबा खाटेवर होते तिथेच होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते, वर्गात बाईंनी बजावल्यावर मुलं बसतात तसे. मी कप पुढे केला. त्यांनी कपाकडे पाहिलं, पण हात काही बाहेर काढले नाहीत. मी कप धरून तशीच उभी राहिले.