टोपी ठेवलेलं स्टूल

माझ्या दुकानात पिठाच्या पोत्यांशेजारी पैसे गिळणारं एक जुगाराचं यंत्र उभं आहे. त्यावर लिहिलंय, ‘शंभरातले नव्वद परत.’ त्या एका ओळीनं सिल्व्हिनोचं डोकं फिरलं.

“ही तर बँकच झाली की, ताई,” तो म्हणायचा. “मी टाकलेलं आत साठतंय.”

यंत्र दुरुस्त करणाऱ्या ओस्मारनं त्याला माझ्यादेखत समजावलं. “अरे बाबा, नव्वद परत म्हणजे लाखो फेऱ्यांत, सगळ्यांना मिळून. कुणाला, कधी, ते कुणीच सांगू शकत नाही. तुझं तोंड त्याच्या लक्षात राहत नाही.”

“तू त्यांचा पगारी माणूस. तू असंच बोलणार.”

पालथ्या घड्यावर पाणी.

सिल्व्हिनो आणि त्याच्या बायकोनं गाय विकली होती ती मुलीच्या, निल्दाच्या, डोळ्यांसाठी. गुरुवारी राजधानीत, आसुन्सिओनला, शस्त्रक्रिया होती. उशीर झाला तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मंगळवारी दुपारपर्यंत सिल्व्हिनोनं त्यातले निम्मे पैसे यंत्राच्या घशात घातले आणि टोपी स्टुलावर ठेवून तो जेवायला गेला. आमच्याकडे टोपी ठेवली की जागा त्या माणसाची.

त्याची बायको एलिहिया त्याला शोधत आली. उन्हानं दमली होती. टोपी मांडीवर घेऊन ती स्टुलावर टेकली, आणि पाव विकत घेऊन उरलेलं नाणं हातात होतं ते सहज आत सोडलं.

यंत्र खणखणायला लागलं ते थांबेचना. गेलेलं सगळं भरून निघालं, वर थोडं उरलं. मला रडू आलं. पिठाच्या रिकाम्या पिशवीत पैसे बांधून देत मी म्हणाले, “बाई, आता मागं वळून बघू नकोस. थेट बस पकड.”

पण दारात सिल्व्हिनो उभा होता.

“भरलं मी, तर पिकलं ते माझं. टोपी कुणाची आहे?”

“नाणं तिचं होतं, मेल्या,” मी म्हणाले.

पडवीत गार तेरेरे पीत बसलेल्या बाप्यांनी माना डोलावल्या. टोपी त्याची, तर पैसाही त्याचाच. म्हणे रिवाज आहे. जळो तो रिवाज.

एलिहियानं पिशवी दिली. “गुरुवारी लागतील,” एवढंच म्हणाली.

“एका नाण्याला एवढं देतंय, म्हणजे आत केवढं असेल बघ,” म्हणत तो बसला. संध्याकाळपर्यंत गाईचे उरलेले पैसेही गेले, आणि त्यानं पिशवी झटकली तेव्हा नुसतं पीठ उडालं.

गुरुवारची बस त्यांना न घेताच गेली.

शुक्रवारी दुकान उघडलं तर एलिहिया दारात उभी. घरात उरलेलं चीज विकून आली होती. डोक्यावर नवऱ्याची टोपी.

“तूसुद्धा, एलिहिया?”

“आत आमचं आहे, ताई. माझ्या निल्दाचं आहे. दुसऱ्या कुणी बसून नेलं म्हणजे?”

ती स्टुलावर बसली. निल्दा तिचा झगा धरून, आवाजाच्या दिशेनं तोंड करून उभी राहिली.

“आई,” तिनं विचारलं, “काय आलं?”