सत्यभामाबाईंचा तुडूम

पुंडलिकराव गुरुजींनी आयुष्यात एकच खोटी गोष्ट लिहिली, आणि नेमकी तीच गावाला पाठ झाली.

बाकी सगळं खरंखुरं. निवृत्त झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक काळा फळा रंगवून घेतला आणि त्यावर रोज सकाळी एक नोंद लिहायला सुरुवात केली. त्याला आता अकरा वर्षं झाली. कधी लिहीत, की आपल्या देशातून सुटलेल्या पहिल्या रॉकेटचे भाग सायकलवरून नेले होते. कधी लिहीत, की एका डॉक्टरच्या बशीत बुरशी आली आणि तिच्यातून औषध निघालं. साकोलीची बस तिथंच थांबायची. बसची वाट बघणारी माणसं वाचत, थोडी टिंगल करत, आणि घरी जाऊन तेच आपल्या नावावर सांगत.

फळ्याचा एक नियम होता आणि गुरुजी त्याचा भारी अभिमान बाळगत. चूक झाली तर पुसायची नाही. लाल खडूनं तिच्यावर एक रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं. एकदा रामन परिणामाचा शोध १९३० साली लागला असं ते लिहून बसले. ते साल नोबेलचं, शोध १९२८चा. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी स्वतःच्याच अक्षरावर लाल रेघ मारली, आणि शाळेतली पोरं रांगेनं ती बघायला आली. तेव्हापासून गावातली पोरं वहीत चुकली तरी खोडत नसत, लाल रेघ मारत. शाळेतल्या नव्या मॅडमना याचा उलगडा व्हायला सहा महिने लागले.

गुरुजींचा आणखी एक स्वभाव होता, त्याचा मात्र ते अभिमान बाळगत नसत, कारण तो त्यांना ठाऊकच नव्हता. कुणी काही विचारलं, तर ‘माहीत नाही’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून निघत नसत. काहीतरी सांगायचेच. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता ती खोटी गोष्ट.

गुरुजी मूळचे आसगावचे. नोकरीनं सानगडीजवळच्या या गावात आले, इथल्याच मंदाबाईंशी लग्न केलं आणि इथलेच झाले. मंदाबाईंच्या माहेराकडे पिढ्यान् पिढ्या गावतलावाच्या तुडुमाचं काम होतं. तुडूम म्हणजे तलावातलं पाणी धानाला सोडायचं दगडी तोंड. पाळीवरून, म्हणजे बांधावरून, तलावात दगडी पायऱ्या उतरतात, दर पायरीला एक भोक, आणि भोकात लाकडाचा डाट. पाणी जसं खाली जाईल तसा खालचा डाट काढायचा. त्यामुळे कधीच सगळ्या तलावाचा जोर एका डाटावर येत नाही आणि एक माणूस हातानं पाणी सोडू शकतो. शेकडो वर्षांची अक्कल आहे ती, आणि अजून चालते.

चार वर्षांपूर्वी मंदाबाई सकाळचा चहा देता देता म्हणाल्या, “तुमच्या फळ्यावर बाया काहून नसते जी? एक ते मॅडम क्युरी सोडली, तर सारे माणसंच. अन् आपल्या गावचं तर कधीच काही नसते.”

त्या दिवशी गुरुजींना नोंद सुचत नव्हती. त्यात आपली बायको कधी फळ्यासमोर थांबत नाही, ही सल होतीच. त्यांनी खडू घेतला आणि लिहून टाकलं: ‘इ.स. १८७२. आपल्या तलावाचा पायऱ्यांचा तुडूम सत्यभामाबाई नावाच्या स्त्रीने आखला.’ साल हाताला आलं ते लिहिलं. नाव घरात पडलेल्या लग्नपत्रिकेवरचं होतं. उद्या लाल रेघ मारू, आजच्या दिवस बायका खूश होतील, एवढाच विचार.

बायका खूश झाल्या. त्या दिवशी मंदाबाई फळ्यासमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला, आणि संध्याकाळी वांग्याच्या भाजीत तेल जरा जास्तच होतं. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी रेघ मारली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवसांत बायकांच्या बचत गटानं आपल्या गटाला सत्यभामाबाईंचं नाव दिलं. महिन्याभरात कुणीतरी तुडुमाच्या दगडावर ऑइल पेंटनं ते नाव रंगवलं. शाळेत पोरं घोकू लागली. गुरुजी तलावाकडे फिरायला जायचे, ते हळूहळू दुसऱ्या वाटेनं जायला लागले.

तरी सगळं चाललं असतं. मेघानं विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला नसता, तर चालत राहिलं असतं.

मेघा म्हणजे दूधवाल्या तेजरामची पोरगी, नववीतली. दुधाची बरणी घेऊन जाताना फळा वाचायची आणि शंका काढायची. तिनं थर्माकोल, पाण्याची बाटली आणि औषधाच्या शिशांची बुचं घेऊन तुडूम बनवला. खरंच चालणारा. वर पाटी, तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘सत्यभामाबाईंचा तुडूम, इ.स. १८७२’. साकोलीला पहिला आला, भंडाऱ्याला पहिला आला, आणि आता शनिवारी नागपूरला विभागाचं प्रदर्शन होतं. मंगळवारी संध्याकाळी ती धावत गुरुजींच्या अंगणात आली.

“गुरुजी, भंडाऱ्याच्या परीक्षकांनी लिवून देल्लं. ऐतिहासिक पुरावा जोडा म्हणते. तुमी कोन्त्या पुस्तकातून काढलं होतं जी? मी पानाचा फोटो काढतो मोबाइलमधी.”

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं.

“शोधतो,” ते म्हणाले. “पेटीत असन.”

बुधवारी ती आली. पुस्तक पवनीच्या मित्राकडे आहे, असं गुरुजी म्हणाले. गुरुवारी आली. मित्र फोन उचलत नाही, असं म्हणाले. दर वेळी ती “बरं जी” म्हणून जायची, आणि तिच्या त्या ‘बरं’मध्ये तसूभरही संशय नव्हता. तेच गुरुजींना जाळत होतं. तिनं एकदा डोळे बारीक करून बघितलं असतं, तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं असतं.

सांगावं, तर पोरीचं तालुका आणि जिल्हा जिंकलेलं काम मातीत जाणार. बायको गावभर जे नाव मिरवत होती तेही जाणार. न सांगावं, तर नागपुरात चार शिकलेली माणसं त्या पोरीला विचारणार, आणि ती भर मांडवात म्हणणार, “आमच्या गुरुजींनी लिवलं होतं.” गुरुजींना घरात बसवेना, चौकात जाववेना. फळ्यावर त्यांनी तीन दिवस पृथ्वी सूर्याभोवती फिरते, याच धर्तीच्या नोंदी लिहिल्या, ज्यांना कुणीच पुरावा मागणार नव्हतं. जेवताना घास फिरत राहायचा. या वयात माणसाला आपल्याच अक्षराची भीती वाटावी, याची त्यांना लाज वाटत होती आणि रागही येत होता. राग कुणाचा, तर त्या पोरीचाही येत होता. हे तर फारच वाईट होतं, आणि तेही त्यांना कळत होतं.

शुक्रवारी दुपारी मंदाबाई लाखोरीची भाजी खुडायला शेतात गेल्या, आणि गुरुजींनी आजवर न केलेलं काम केलं. वडिलांच्या जुन्या पोथीच्या मागचं कोरं पान फाडलं. बोरूनं वळणदार अक्षरात लिहिलं, ‘मालगुजार यांचे हुकुमावरून सत्यभामाबाई हिणे तुडुमाची आखणी केली असे.’ मग कोरा चहा उकळला, थाळीत ओतला, आणि पान त्यात बुडवून अंगणात उन्हात वाळत घातलं. उडू नये म्हणून वर तांब्या ठेवला. पान छान पिवळं पडलं. दीडशे वर्षांचं दिसायला लागलं. अकरा वर्षं फळ्यावरून विज्ञान शिकवणारा माणूस उकिडवा बसून त्याच्यावर फुंकर घालत होता.

“चहा सांडला का जी?”

मंदाबाई ओट्याशी उभ्या होत्या. ओटीत भाजी होती.

गुरुजींनी पान झाकायला हात पुढे केला, मग तो तसाच मागे घेतला. बायकोला चौथीपर्यंतच शाळा होती, पण वाचता उत्तम येत होतं. तिनं पान उचललं, वाचलं, वास घेतला.

“हे आत्ता लिवलं तुमी.”

“हो.”

“मंग थे फळ्यावरचं?”

गुरुजींनी सगळं सांगितलं. पत्रिकेवरचं नावसुद्धा. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही ओरडेल. मंदाबाईंनी भाजी सुपात काढली, बसल्या आणि निवडायला लागल्या.

“मी तुमाले म्हटलं होतं, आपल्या गावचं लिवा,” त्या काड्या मोडत म्हणाल्या. “मले वाटलं, तुमी इचारान. तुमी इचारलंच नाही. माया बापाची आजी होती. मी लहान असतानी मेली. एका साली पुसाच्या महिन्यात, भर थंडीत, खालचा डाट फुटला. सारं पानी जाऊन राहिलं होतं. गडी पाळीवर उभे राहून बोंबलत होते, कोनी उतरे ना. हे उतरली. आंगावरचं लुगडं सोडलं न अर्धं कोंबलं त्या भोकात. अर्धं आंगावर, अर्धं भोकात, अशी बसून राह्यली पान्यात, नवा डाट ठोकेपर्यंत. त्या साली उन्हाळ्यात आपल्याच गावाच्या ढोराईले पानी होतं. बाप सांगे.” त्यांनी सूप झटकलं. “खरी बाई घरात होती जी. तुमी खोटी लिवली.”

गुरुजींना त्या क्षणी मरण आलं असतं तर बरं वाटलं असतं. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, पोरांना म्हणत आले, विचारा, विचारा. आणि ज्या बाईच्या हातचं चाळीस वर्षं जेवले तिला एकदाही विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी थंडी मी म्हणत होती. गुरुजी उजाडायच्या सुमारास फळ्याशी गेले. चार वर्षांपूर्वीचंच वाक्य पुन्हा वरच्या ओळीत लिहिलं, सालासकट. मग लाल खडूनं त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारली. रेघ वाकडी आली, तरी मारली. खाली लिहिलं: ‘हे मी मनाने रचले होते. कोणत्याही पुस्तकात नाही. – पुंडलिक.’ त्याखाली डाट फुटल्याची आणि लुगड्याची गोष्ट लिहिली, मंदाबाईंनी सांगितली तशी.

बसला माणसं जमली. वाचून सगळी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि हे गुरुजींनी अपेक्षिलं नव्हतं. टिंगल झाली असती तर सोसली असती. मेघा आली, एका हातात थर्माकोलचा तुडूम, दुसऱ्या हाताला मॅडम. तिनं फळा वाचला. पुन्हा वाचला. तिची हनुवटी हलायला लागली.

“मंगळवारीच काहून नाही सांगतलं जी?” ती म्हणाली. “मंगळवारी सांगतलं असतं, तर मी मंदाआजीले इचारलं असतं. माह्याजवळ चार दिवस होते.”

गुरुजींनी हातातला लाल खडू फळ्याखाली ठेवला.

मेघानं तुडूम पंचायतीच्या ओट्यावर ठेवला. फळ्याखालचा लाल खडू उचलला आणि आपल्या पाटीवरच्या ‘सत्यभामाबाईंचा’ या शब्दावर आणि सालावर सरळ रेघ मारली. तिच्या हाताची रेघ वाकडी नव्हती. मग ती मंदाबाईंकडे वळली. त्या शाल गुंडाळून मागे उभ्या होत्या.

“आजी, तिचं नाव काय होतं?”

“आमी मोठी माय म्हनो तिले.”

“थे नाही. खरं नाव?”

मंदाबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांनी तलावाकडे बघितलं, खाली बघितलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. वडिलांनी कधी नाव घेतलं नव्हतं. आजोबांनीही नसेल घेतलं. विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

“नाही ठाऊक, माय,” त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले.

बस वळणावर दिसायला लागली. “मंग काय लिवू?” मेघानं गुरुजींना विचारलं. तिच्या आवाजात अजून राग होता, पण विचारलं तिनं त्यांनाच.

गुरुजी फळ्याकडे वळले. एखादं नाव सुचायला त्यांना क्षणही लागला नसता. सुचलंही. त्यांनी ते गिळलं आणि गोष्टीच्या खाली लिहिलं: ‘नाव माहीत नाही.’

मेघानं ते तीन शब्द आपल्या पाटीवर उतरवले. दर परीक्षेला जाताना ती गुरुजींच्या पाया पडायची. आज ती मंदाबाईंच्या पाया पडली, तुडूम छातीशी धरला आणि बसमध्ये चढली. गुरुजींनी पाय जरासे पुढे केले होते, ते मागे घेतले.

बस गेल्यावर माणसं पांगली. मंदाबाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि खालची ओळ बोट लावून वाचली.

“एवढं लिवाले तुमाले अकरा वर्स लागले जी,” त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला घराकडे निघाल्या.